विसंगती दिसली की लगेच नवा कण? या चुका टाळा

एम.एस्सी.चे प्रकल्प तपासायला लागून मला बरीच वर्षं झाली. दर वर्षी कुणीतरी येऊन सांगतंच, "सर, या क्षयाचा आकडा स्टँडर्ड मॉडेलशी जुळत नाही. एक नवा कण घालून बघतो." (स्टँडर्ड मॉडेल म्हणजे मूलभूत कणांचा आजचा मान्य सिद्धांत; क्षय म्हणजे एक कण मोडून हलके कण होणं.) घालून बघतो! आमटीत मीठ घालून बघावं तसं. कण घालणं सगळ्यात सोपं काम आहे, म्हणून ते सगळ्यात शेवटी करायचं.

तोतया न शोधता कण शोधणे. ही माझी सगळ्यात नावडती चूक, आणि ती मीही केली आहे. बी मेसॉन या जड, अल्पायुषी कणाच्या एका दुर्मीळ क्षयात केऑन या हलक्या कणाबरोबर कधी म्यूऑनची, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाची, जोडी निघते, तर कधी इलेक्ट्रॉनची. स्टँडर्ड मॉडेलप्रमाणे दोन्हींचं प्रमाण जवळपास सारखं हवं, म्हणजे म्यूऑन भागिले इलेक्ट्रॉन हे गुणोत्तर १. सर्नच्या एलएचसीबी प्रयोगाला २०१४ मध्ये ते ०.७४५ मिळालं. २०२१ मध्ये जास्त डेटा घेऊन ०.८४६ मिळालं, तफावत ३.१ सिग्मा (सिग्मा म्हणजे मापनातल्या अनिश्चिततेचं माप). जगभर लेप्टोक्वार्क या कल्पित कणाचं पीक आलं.

माझ्याकडच्या एका मुलानंही प्रकल्पाला लेप्टोक्वार्कच घेतला. सदाशिव पेठेतल्या खोलीत रात्र रात्र जागून त्यानं गणित केलं, वस्तुमान आणि युग्मनाचे (इतर कणांशी जोडणी किती घट्ट, याचे) आलेख काढले. गणितात चूक नव्हती. मी "छान" म्हणालो आणि अप्पा बळवंत चौकात पोस्टर छापायला पाठवलं. २० डिसेंबर २०२२ च्या मंगळवारी सकाळी तो गुंडाळी काखेत मारून घेऊन आला. त्याच दिवशी एलएचसीबीनं सुधारित विश्लेषण जाहीर केलं आणि गुणोत्तर पुन्हा १ शी जुळलं. सादरीकरण शुक्रवारी होतं. "सर, शीर्षकावर स्टिकर लावू का?" असं त्यानं विचारलं तेव्हा मला हसूही येईना.

काय झालं होतं? इलेक्ट्रॉन शोधकात ओळखायला अवघड. जाता जाता फोटॉन उधळतो, त्यामुळे त्याची ऊर्जा कमी भरते. त्या गर्दीत काही पायॉन आणि केऑन हे दुसरेच कण इलेक्ट्रॉन म्हणून मोजले गेले होते. इलेक्ट्रॉन छेदात असतात. छेद फुगला की गुणोत्तर उतरतं, बस्स. पुणेकरांना हे समजवावं लागू नये. सदाशिवरावभाऊंच्या तोतयानं पानिपतानंतर पेशवाईला किती घोर लावला होता, आठवा.

तेव्हापासून माझी एक सवय आहे, तिला पद्धत म्हणू नका. मॉडेलचं नाव काढायच्या आधी मी एक कोरं पान मागतो. अंशात कुणाची मोजणी आहे, छेदात कुणाची, आणि प्रत्येकाचं सोंग कोण घेऊ शकतो हे पेनानं लिहायचं. लॅपटॉपवर नाही, तिथे मुलं जुन्या फाइलमधून चिकटवतात.

तीन सिग्मा म्हणजे सिद्ध झालं असं धरणे. निव्वळ योगायोगानं तेवढी तफावत ३७० वेळांत साधारण एकदा येते. दोनशे आलेख चाळून त्यातला एकच मला दाखवलात तर नवल कसलं?

मोजक्या नोंदींवर इमला बांधणे. जपानच्या कोटो प्रयोगात २०१९ मध्ये केऑनच्या एका अतिदुर्मीळ क्षयाच्या चार नोंदी दिसल्या आणि सिद्धांतवाले धावले. पुढे त्यातली एक गळाली आणि तटस्थ केऑनच्या शलाकेत, म्हणजे झोतात, विद्युतभारित केऑनही शिरत होते असं निघालं.

एका कोड्याचं उत्तर काढताना बाकीचं जग विसरणे. यावर मी जरा जास्त बोलणार आहे. हंगेरीत डेब्रेत्सेनच्या गटानं उत्तेजित बेरिलियम-८ च्या अणुकेंद्रातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्यांचे कोन मोजले. सुमारे १४० अंशांपाशी जोड्या जास्त निघाल्या. २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि सुमारे १७ एमईव्ही (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक) वस्तुमानाच्या कणाची चर्चा सुरू झाली. माझ्या घाईच्या विद्यार्थ्यांचं उत्तर तयार: डार्क फोटॉन, म्हणजे प्रकाशकणाचा कल्पित भाऊबंद. पण तसा कण तटस्थ पायॉनच्या क्षयातही दिसायला हवा, आणि सर्नच्या एनए४८/२ प्रयोगानं ती वाट आधीच बंद केली होती. म्हणून सिद्धांतवाल्यांना प्रोटॉनशी जवळपास बोलतच नाही असा कण कल्पावा लागला. शेवटी स्वित्झर्लंडमध्ये मेग-२ प्रयोगानं तोच बेरिलियम तपासला; २०२४ च्या निकालात ठळक खूण नव्हती.

न्यूट्रॉनचंही तसंच. बाटलीत कोंडून मोजला तर आयुष्य सुमारे ८८० सेकंद, शलाकेत मोजला तर ८८८. २०१८ मध्ये सूचना आली की हा फरक पडतो, कारण शेकडा एक न्यूट्रॉन अदृश्य कणात जात असेल. कल्पना देखणी आहे. मात्र न्यूट्रॉन ताऱ्यातही हेच घडलं तर सूर्याच्या दुप्पट वस्तुमानाचे तारे तग कसे धरतात? त्यासाठी अदृश्य कणांमध्ये आपसांत प्रतिकर्षण घालावं लागतं. म्हणजे एका ठिगळाला दुसरं ठिगळ.

भौतिकशास्त्रज्ञ पाउलींचा दाखला देणे. "१९३० साली त्यांनीही कण कल्पलाच ना?" कल्पला, आणि तो कण, न्यूट्रिनो, सापडायला १९५६ उजाडलं. पण त्याच वर्षी थीटा-टाउचं कोडं गाजत होतं. दोन कण वाटत होते, निघाला एकच केऑन. चुकीचं होतं ते डाव्या-उजव्याच्या सममितीवर ठेवलेलं गृहीत. ही गोष्ट मुलं सोयीनं विसरतात.

सध्या नवं वेड जपानच्या बेल-२ प्रयोगाचं. २०२३ मध्ये बी मेसॉनच्या केऑन आणि दोन न्यूट्रिनोंच्या क्षयात अपेक्षेपेक्षा जास्त नोंदी मिळाल्या, तफावत २.७ सिग्मा. न्यूट्रिनो दिसत नाहीत, त्यामुळे तिथे कुठलाही अदृश्य कण बसवता येतो. परवा एक मुलगी तोच विषय घेऊन आली. मी कोरं पान पुढे सरकवलं. ती अजून अंशावरच आहे.