माती कुठं गेली ते पाहा : युद्धकैद्यांचे सिनेमे पाहायची माझी रीत

युद्धकैद्यांचा सिनेमा लावायचा तर पहिली अट अशी, की कूलर बंद ठेवून दोन-अडीच तास बसता आलं पाहिजे. म्हणजे नागपुरात मार्चनंतरचे तीन-चार महिने बाद. या सिनेमांत गोळीबार कमी आणि कान लावून ऐकायचं जास्त असतं. फळी करकरते, पहारेकऱ्याचे बूट वाजतात, भिंतीवर कुणी टकटक करतं. कूलर घरघरायला लागला की यातलं काहीच ऐकू येत नाही. मग घरचे म्हणतात, "यात तर काही होऊनच नाही राहिलं!" मी दिवाळीनंतर सुरू करतो आणि होळीच्या आत आवरतो.

माझी ओळख एवढीच, की सावनेरकडे कोळशाच्या अंडरग्राउंड खाणीत ओव्हरमन, म्हणजे पाळीच्या कामावर देखरेख करणारा होतो. आता रिटायर होऊन मानेवाड्याला घरी असतो. त्यामुळे माझी पाहायची तऱ्हा जरा वाकडी आहे. बाकीचे हिरो कोण ते पाहतात, मी छत कशावर टेकवलंय ते पाहतो. पुतण्याला पहिल्यांदा असा सिनेमा दाखवला तेव्हा त्यानं अर्ध्या तासात विचारलं, "काका, हे एवढं खोदून राहिले, पण माती कुठं नेऊन टाकून राहिले?" त्या दिवसापासून मी सगळ्यांना हेच सांगतो : मातीवर नजर ठेवा. भुयार खणणं म्हणजे नुसता घाम. खणलेलं लपवणं, हवा आत पोचवणं आणि गिनतीच्या वेळी माणसं पुरी दाखवणं, खरी अक्कल तिथं लागते. ज्या सिनेमाला या तिन्हींचं उत्तर देता येतं, तो पाहायचा. ज्यात हिरो एका रात्रीत बोगदा पाडून बाहेर येतो, तो झोप येत नसेल तेव्हासाठी ठेवायचा.

सुरुवात 'द ग्रेट एस्केप'पासूनच करा. १९६३चा, जॉन स्टर्जेसचा. जवळपास तीन तासांचा आहे, म्हणून सलग बसू नका, दोन रात्री करा. अमेरिकन कैदी चार जुलैचा सण साजरा करतात आणि त्याच गडबडीत 'टॉम' नावाचं भुयार जर्मनांच्या हाती लागतं, तिथं थांबवा. टॉकीजवाल्यानंही इंटरव्हल तिथंच टाकला असता. दुसऱ्या दिवशी सगळे वेळेवर येऊन बसतात.

हा सिनेमा पाहताना खरी हकीकत बाजूला ठेवून जुळवत जायची, त्यात मजा आहे. जागा स्टालाग लुफ्ट ३, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला जर्मनांचा कैद्यांचा कॅम्प, झागान गावाजवळ, आता पोलंडमध्ये. हवाई दलाच्या कैद्यांनी टॉम, डिक आणि हॅरी अशी तीन भुयारं खणायला घेतली. हॅरी जमिनीखाली सुमारे ९ मीटर आणि लांबी १०० मीटरच्या वर. आत माणूस जेमतेम पालथा मावेल एवढंच, दोन फुटांचं चौकोनी. माती सगळी वाळूची, म्हणजे हात लावला की ढासळणार. त्यांच्याकडे टेकूला लाकूड नव्हतं, तर पलंगाच्या फळ्या काढल्या. आमच्या खाणीत छत काठीनं ठोकून पाहायचो. खणखणीत वाजलं तर ठीक, भद्द वाजलं की आधी टेकू, मग पुढचं काम. वाळूला ठोकून काय कळणार? तिथं पहिल्या फुटापासून चारी बाजूंनी फळ्याच हव्यात. सिनेमात ते बरोबर दाखवलंय. हवेसाठी दुधाच्या पावडरीचे रिकामे डबे एकाला एक जोडून नळी केली आणि भात्यानं हवा ढकलली. तो भाता ओढणारा माणूस पडद्यावर दिसला की मी सगळ्यांना गप्प करतो. हिरो तोच आहे.

आता माती. वरची माती करडी आणि खालची पिवळी, त्यामुळे मूठभर सांडली तरी पहारेकऱ्याला कळणार. पँटीच्या आत लांब पिशव्या लटकवून, चालता चालता दोरी ओढून ती बागेत सोडायची. हे सिनेमात आहे. सिनेमात नाही ते असं : १९४४च्या जानेवारीत बर्फ पडलं होतं, बर्फावर पिवळी माती टाकणार कुठं? मग कैद्यांनी स्वतःच उभारलेल्या नाट्यगृहाच्या खुर्च्यांखाली ती भरली. वर नाटक आणि खाली भुयाराची माती! मराठी माणसाला हे सुचायला हवं होतं.

भुयारात जीव घाबरणारा डॅनी आहे ना, तो चार्ल्स ब्रॉन्सन. पोरसवदा वयात पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणीत काम केलेला माणूस. त्याचं ते सरपटणं बघा, कोपर कसं टेकवतो ते बघा. ज्यानं कधी केलं नाही त्याला ते जमत नाही. खऱ्या कॅम्पमध्ये भुयाराचं काम पाहणारा वॉली फ्लडी हाही कॅनडातला खाणवालाच. सिनेमाला सल्लागार म्हणून त्यालाच घेतलं होतं. आणि डोळे जाणारा तो खोटी कागदपत्रं करणारा, डोनाल्ड प्लेझन्स, युद्धात खरोखर जर्मनांच्या कैदेत होता. हे आधी सांगून ठेवलं की पोरं मोबाइल खाली ठेवतात.

काय मानायचं नाही तेही सांगून टाका. मोटारसायकल खोटी. तारेच्या कुंपणावरची ती प्रसिद्ध उडी तर स्टीव्ह मॅक्वीननंही मारलेली नाही, स्टंटवाल्या बड एकिन्सनं मारली. त्या रात्री बाहेर पडलेल्यांत अमेरिकन नव्हते. सिनेमात सगळं हिरवंगार आहे, प्रत्यक्षात २४ मार्चची ती रात्र कडाक्याच्या थंडीची होती. बाहेर पडले ७६, परत पकडले ७३, सुटले तिघंच, दोन नॉर्वेजियन आणि एक डच. पकडलेल्यांपैकी ५० जणांना गोळ्या घातल्या. सिनेमात एकाच माळरानावर एकदम, प्रत्यक्षात ठिकठिकाणी, थोडे थोडे करून.

इथं कुणीतरी विचारतंच, "पळाले तर मारणारच ना?" म्हणून पुढच्या सिनेमाआधी नियम समजावून द्या. पाच मिनिटं लागतात. १९२९चा जिनिव्हा करार सांगतो : पळताना पकडलेल्या कैद्याला कोठडीसारखी शिस्तीची शिक्षा देता येते, जीव घेता येत नाही. ऑफिसरला कामाला जुंपता येत नाही. साध्या शिपायाला कामाला लावता येतं, पण लढाईशी थेट संबंध असलेल्या कामाला नाही. एवढं डोक्यात असलं की अर्धे सिनेमे आपोआप उघडतात.

लगेच 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' लावा. १९५७, डेव्हिड लीन. सुरुवातीचा सगळा तंटा ऑफिसरांनी काम करायचं की नाही यावरच आहे. जपान्यांच्या कैदेतला इंग्रज कर्नल निकल्सन कराराची पुस्तिका हातात घेऊन जपानी कमांडंटपुढे उभा राहतो. जपाननं त्या करारावर सही केली होती, पण तो मंजूर केलेला नव्हता, हे माहीत असलं की त्या पुस्तिकेची गत आधीच कळते. माझा या निकल्सनवर राग आहे. ऑफिसरांसाठी हा मरायला तयार, पण पूल तर लष्करी रेल्वेचा आहे, मग तुझ्या शिपायांनी तरी तो का बांधावा? तो प्रश्न त्याला पडतच नाही. अॅलेक गिनेसनं काम असं केलंय की आपल्यालाही तासभर पडत नाही. कामठीचे एक रिटायर्ड हवालदारसाहेब आमच्याकडे पाहायला आले होते. ते म्हणाले, "काम चांगलं झालं पाहिजे, हा रोग मलेबी हाय." मग चहा होईपर्यंत कुणी बोललं नाही.

या सिनेमात जी माती दाखवलीच नाही, ती तुम्ही सांगा. थायलंड ते बर्मा ही रेल्वे सुमारे ४१५ किलोमीटरची, १९४३च्या ऑक्टोबरमध्ये पुरी झाली. दोस्त राष्ट्रांचे बारा हजारांवर युद्धकैदी तिथं मेले. त्यांच्या कित्येक पट आशियाई मजूर मेले, अंदाज नव्वद हजारांपर्यंत जातो. त्यांत मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमिळ मजूर होते, म्हणजे आपलीच माणसं. पडद्यावर शिट्टी वाजवत गोरे शिपाई येतात, हे मजूर कुठंच नाहीत. शूटिंग श्रीलंकेत झालं, उडवलेला पूल तिथलाच, लाकडी. कांचनाबुरीचा खरा लोखंडी पूल आजही उभा आहे आणि त्यावरून गाडी जाते.

'स्टालाग १७' हा सिनेमा अधेमधे कुठंतरी बसवा. बिली वायल्डर, १९५३. बराकीत एक फितूर आहे, तो कोण एवढीच गोष्ट. कुणाला काही सांगू नका, फक्त म्हणा की लटकत्या बल्बच्या वायरकडे लक्ष ठेवा. पोरांना फुटबॉल आवडत असेल तर 'एस्केप टू व्हिक्टरी' चालेल. त्यात पेले आहे, बाकी माती-हवा-गिनतीचा हिशेब त्याला विचारू नका. 'द डिअर हंटर' मात्र लहानांसमोर लावूच नका. त्यातला कैदेचा भाग पाहून मोठ्यांचीही झोप उडते.

मग यादीतला माझा लाडका, 'अ मॅन एस्केप्ड'. फ्रेंच, रॉबेर ब्रेसाँचा, १९५६. यासाठी डिसेंबर-जानेवारीतली रात्र राखून ठेवा. खिडक्या बंद, पंखाही बंद, मिक्सर-कुकर सगळं आटपलेलं. लिऑनच्या माँलुक तुरुंगातून १९४३ साली पळालेल्या आंद्रे दव्हिन्यीची ही हकीकत आहे. सुटणार हे नावातच सांगून टाकलंय, म्हणजे पुढं काय होईल ही हुरहुर मुद्दामच काढून घेतली. मग उरतं काय? चमचा. लोखंडी चमचा फरशीवर घासून घासून त्याची पटाशी करायची, आणि त्या पटाशीनं दाराच्या फळ्यांमधली सांध्याची पट्टी खरवडायची. पडणारा भुसा गोळा करायचा, पहाऱ्याची चाहूल लागली की हात थांबवायचा. कॅमेरा हातांवरून हलत नाही. मी आयुष्यभर हत्यारं हाताळली, पण हत्याराबद्दल एवढा आदर दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिला नाही. ब्रेसाँ स्वतः १९४० साली जर्मनांच्या कैदेत गेला होता. आवाज नीट येत नसेल तर हेडफोन लावून एकेकट्यानं पाहा, पण आवाज वाढवून पाहू नका. दूरची आगगाडी दूरच ऐकू यायला हवी.

'ला ग्रांद इल्युजन' डब केलेला पाहायचा नाही, ही माझ्याकडे सक्ती आहे. झाँ रेनवारचा हा १९३७चा सिनेमा, पहिल्या महायुद्धावरचा. त्यात फ्रेंच, जर्मन, इंग्रजी, रशियन सगळं कानावर पडतं, आणि गोष्ट त्यावरच फिरते. फ्रेंच कैदी भुयार खणतात, माती पिशव्यांतून नेऊन बागेत रिकामी करतात. आता बाहेर पडायचं, एवढ्यात त्यांची दुसऱ्या कॅम्पला बदली होते. खोलीत इंग्रज कैदी येणार असतात. झाँ गाबाँ त्यांच्यातल्या एकाला सांगायचा प्रयत्न करतो, की बाबा, खाली भुयार तयार आहे, आणि त्या इंग्रजाला फ्रेंच कळतच नाही. एवढं खणलेलं वाया! खाणीत बिहारी, तेलुगू, छत्तीसगढी, वऱ्हाडी असे सगळे एका पाळीत असायचे. छत आवाज देऊन राहिलं, हे सगळ्यांना एका शब्दात कळावं लागतं. तो प्रसंग आला की माझ्या पोटात गोळा येतो, आणि बाकीचे मात्र हसतात. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स, त्यानं या सिनेमावर बंदी घातली होती.

'सेव्हन इयर्स इन तिबेट' लोक तिबेटसाठी पाहतात. त्यातला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिश हारर काही युद्धकैदी नव्हे, इंग्रजांनी स्थानबद्ध केलेला नागरिक. पण डेहराडूनच्या कॅम्पला नेण्याआधी त्याला नगरला आणि मग देवळालीला ठेवलं होतं, एवढं सांगितलं की आमच्याकडे नाशिकची सून एकदम ताठ बसते. डेहराडूनहून तो आणि त्याचे साथीदार १९४४मध्ये पळाले, ते खणून नव्हे. दोघं इंग्रज ऑफिसर बनले, बाकीचे त्यांचे देशी मजूर, आणि दरवाज्यातून चालत बाहेर. मातीचा प्रश्नच नाही!

आपला हिंदी '१९७१' शेवटी ठेवा, कारण त्यानंतर दुसरं काही पाहवत नाही. अमृत सागरचा, २००७चा. मनोज बाजपेयी, रवी किशन, कुमुद मिश्रा, दीपक डोब्रियाल. त्या वर्षीचा हिंदीसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, तरी टॉकीजमध्ये फार थोड्यांनी पाहिला. बऱ्याच जणांना तो लॉकडाऊनमध्ये यूट्यूबवर सापडला. गोष्ट रचलेली आहे, पण १९७१च्या भारत-पाकिस्तान युद्धानंतर परत न आलेल्या आपल्या ५४ जणांची यादी खरी आहे. तेव्हा "हे झालं का खरंच?" याला हो किंवा नाही म्हणून मोकळं होऊ नका. दोन्ही वेगवेगळं सांगा.

आणि सिनेमा लावायच्या आधी मोबाइलवर नकाशा काढून पेशावर ते लंडी कोतल हा टप्पा दाखवा. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर, ग्रेवाल आणि सिंहजी हे आपले तीन वैमानिक १९७२च्या ऑगस्टमध्ये रावळपिंडीच्या कॅम्पची भिंत फोडून निघाले, ते लंडी कोतलपर्यंत पोचले. अफगाण सरहद्द पुढं चार-पाच मैलांवर होती. त्यांच्या माहितीप्रमाणे पुढचं स्टेशन लंडी खाना, म्हणून बाजारात त्यांनी तिथं जायचं विचारलं. ते स्टेशन १९३२ सालीच बंद झालेलं. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्टेशनाचा पत्ता विचारणारे हे कोण, म्हणून लोकांना संशय आला आणि तिघं धरले गेले. नकाशा समोर असला की ते अंतर बोटानं मोजता येतं. मग दिवा घालवा आणि सिनेमा लावा. सबटायटल्स मात्र बंद करा, आपल्याच भाषेचा सिनेमा वाचत बसायचा नाही.