आधी ढाळ, मग फरशी

कोथरूडच्या एका काकूंच्या घरी गेले होते. बाथरूमच्या दारात पायपुसणं नव्हतं, जुना टॉवेल गुंडाळून ठेवलेला. वर्षभरापूर्वीच नवं केलेलं बाथरूम. चार बाय दोनच्या चकचकीत टाइल्स, काचेचं पार्टिशन, आणि आंघोळीचं पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराकडे. माझ्या पर्समध्ये कायम एक काचेची गोटी असते. ती जाळीजवळ सोडली, तर घरंगळत जाऊन टॉवेललाच टेकली. काकू म्हणाल्या, "बघा, हिलासुद्धा कळतंय."

गेली 22 वर्षं मी पुण्यात जुन्या फ्लॅटची दुरुस्तीची कामं घेते. सिव्हिलचा डिप्लोमा आहे, पण खरं शिक्षण गवंड्यांनी आणि प्लंबरांनी केलं. लोकांचे दोन-दोन रविवार टाइल्सच्या दुकानात जातात आणि पाणी जायचं कुठून, ते "प्लंबर बघून घेईल" म्हणून सोडलेलं असतं. मी उलट्या बाजूनं काम धरते. पाणी घराबाहेर जिथे पडतं, तिथून मोजत आत यायचं. फरशीची पाळी सगळ्यात शेवटी.

फोडाफोडीच्या आधी डक्टमध्ये, म्हणजे इमारतीचे उभे पाइप जातात त्या मोकळ्या जागेत, डोकवा. 1980 च्या सुमाराच्या इमारतीत उभे पाइप बहुधा बिडाचे (ओतीव लोखंडाचे) असतात, सांधे शिशाने भरलेले. त्यातला एखादा राखाडी, सिमेंटसारखा दिसणारा पाइप ॲस्बेस्टॉसचा असू शकतो. त्याला ग्राइंडर लावू देऊ नका, ती धूळ फुप्फुसाला वाईट. बिडाचा पाइप खपल्या सोडत असेल तर सोसायटीला लेखी कळवून आख्खी लाइन बदलायचं बघा. आपल्याकडे सोसायटीच्या उपविधींप्रमाणे सामाईक ड्रेनेज लाइनचं काम सोसायटीचं आणि आपल्या संडास-बाथरूममधल्या गळतीचं काम आपलं. आपला नवा पाइप गंजक्या बिडाला सिमेंट थापून जोडणं म्हणजे नव्या लुगड्याला जुना काठ. जोडावाच लागला तर स्टीलच्या पट्ट्यांनी आवळायचा रबरी कपलर वापरा.

खालच्या मजल्यावरही जाऊन या. त्यांच्या छताला ओल असेल तर आत्ताच फोटो काढा, म्हणजे नंतर तुमच्या नावावर जुनी ओल चढत नाही. गळतंय नक्की कुठून हे कळत नसेल तर जाळीत नीळ कालवलेलं पाणी ओता आणि खालच्या छतावर लक्ष ठेवा. निळा डाग उमटला तर ट्रॅप (जाळीखालचं पाणी अडवणारं भांडं) किंवा त्याच्या पुढची लाइन गळतेय. नाही उमटला तरी लगेच सुटलो म्हणू नका, दोन दिवस बघा.

आता मोजमाप. हा भाग कंटाळवाणा आहे आणि बाकी सगळं काम यावरच उभं आहे. बाथरूमखालचा स्लॅब बाकी घरापेक्षा खाली सोडलेला असतो, त्याला साइटवर सनकन म्हणतात. पाइप त्या खड्ड्यातून जातात. आतल्या लाइनला मी 40 ला 1 असा ढाळ धरते, म्हणजे 40 इंच लांबीला 1 इंच, मीटरला 25 मिलिमीटर. काकूंचं बाथरूम पुन्हा करायला घेतलं तेव्हा त्यांना कमोड समोरच्या भिंतीला हवा होता, दार उघडलं की दिसू नये म्हणून. डक्टपासून तिथपर्यंत साडेसहा फूट, म्हणजे 78 इंच. ढाळालाच जवळजवळ 2 इंच गेले. कमोडचा पाइप 110 मिलिमीटरचा, सॉकेटपाशी, म्हणजे जोडाच्या फुगीर तोंडापाशी, 5 इंच धरायचा. खाली वॉटरप्रूफिंग आणि त्यावरचा थर दीड इंच. वर कोबा (टाइलखालचा काँक्रीटचा थर), माल आणि टाइल मिळून अडीच इंच. बेरीज 11. टेप लावली तर तयार फरशीपासून स्लॅबपर्यंत मिळत होते 10.

अशा वेळी लोक एक तर ढाळ खातात किंवा बाथरूमची फरशी उचलतात. ढाळ खाल्ला की सहा महिन्यांत तुंबतं. फरशी उचलली की रात्री अडीच वाजता सत्तर वर्षांची बाई त्या पायरीला अडखळते. मी काकूंना म्हटलं, कमोड जागचा हलत नाही. आहे तिथे लाइन 2 फुटांची, ढाळाला अर्ध्या इंचाहून थोडं जास्त, आरामात बसतं. हलवायचंच तर बेसिन हलवू, त्याचा पाइप बारीक असतो. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

ढाळ जास्त दिला तर बरं, असंही नाही. पाणी पुढे पळतं नि घाण मागे राहते, असं जुने प्लंबर सांगतात. मला त्याहून मोठी भीती वाटते ती खड्ड्यातली खोली फुकट जाण्याची.

लेव्हल घ्यायला पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं धरा. लेझरपेक्षा माझा तिच्यावर जास्त विश्वास, फक्त नळीत बुडबुडा राहू देऊ नका. भिंतीवर चारी बाजूंनी मीटर लेव्हलची, म्हणजे तयार फरशीपासून एक मीटर वरची, रेघ मारून घ्या आणि पुढची सगळी मापं त्या रेघेपासून खाली घ्या. कमोडही आधी ठरवा, निदान त्याचं माप दुकानातून आणा. एस ट्रॅपचा, म्हणजे तोंड खाली फरशीत जाणारा, कमोड असेल तर भिंतीपासून भोकाचं अंतर मॉडेलप्रमाणे बदलतं, 9 इंच असतं किंवा 12 इंच. पी ट्रॅपचं तोंड मागे भिंतीत, फरशीपासून साधारण 180 मिलिमीटरवर. हे न बघता पाइप टाकला की वाकडातिकडा कनेक्टर लावून जमवाजमव होते, आणि ती जमवाजमव आयुष्यभर गळते.

पाइप घेताना त्यावरचं छापील वाचा. सांडपाण्याच्या पाइपवर आय.एस. 13592 असायला हवं आणि पुढे टाइप बी. टाइप ए पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या पाइपसाठी, तो स्वस्त पडतो म्हणून खपवला जातो. कमोडला 110 मिलिमीटर, न्हाणीच्या पाण्याला 75. कोब्यात गाडायच्या लाइनला मी पेस्टनं चिकटवायचे सांधे घेते. डक्टमधल्या उभ्या लाइनला रबर रिंगचे, आणि तिथे पाइप तळापर्यंत ठोकून बसवायचा नाही, साधारण 10 मिलिमीटर मागे घ्यायचा. उन्हानं पाइप वाढतो, त्याला जागा लागते.

पेस्टचा सांधा करताना पाइप काटकोनात कापा, आतला-बाहेरचा भुसा काढा, कड तासा, सॉकेटमध्ये किती जातोय त्याची पेन्सिलनं खूण करा. दोन्हीकडे पेस्ट लावून थोडा फिरवत आत ढकला आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. पाण्याची चाचणी दुसऱ्या दिवशी. प्लंबरनं कागद पेटवून पाइपचं तोंड फुगवायला घेतलं तर हात धरा. एका सॉकेटचे पैसे वाचतात, पण तिथली भिंत पातळ होते. आडव्या लाइनला काटकोनी बेंड टाळा, 45 अंशांचे दोन टाका. डक्टकडे वळताना डोअर बेंड, म्हणजे साफसफाईसाठी उघडायचं दार असलेला बेंड, घ्या आणि त्याचं दार हात पोचेल अशा बाजूला ठेवा. मी पाहिलेली निम्मी दारं भिंतीला टेकून असतात.

ट्रॅपचं काम एकच, थोडं पाणी अडवून धरायचं, म्हणजे गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. अडलेल्या पाण्याची खोली किमान 50 मिलिमीटर हवी. बाजारात दिसायला देखण्या, उथळ नहाणी ट्रॅपच्या जाळ्या मिळतात. झाकण काढून पट्टीनं मोजा. कमोडची लाइन नहाणी ट्रॅपला कधीच जोडायची नाही. आणि फ्लश केल्यावर जाळीत गुडगुड होत असेल तर ट्रॅप बदलत बसण्याआधी गच्चीवर जा. एका इमारतीत गच्चीचं वॉटरप्रूफिंग करणाऱ्यांनी हवेचे पाइप कापून वर टोपणं ठोकली होती. खाली तीन मजल्यांवर लोक ॲसिड ओतत होते.

पाइप टाकायच्या आधी सनकनचं वॉटरप्रूफिंग करून पाणी भरून ठेवा, 48 तास. पातळीची रेघ मारा. पाइप टाकले की भोकांच्या भोवती पुन्हा काम करा आणि पुन्हा भरा. मुकादम म्हणेल, एकदा झालंय की. झालंय ते भोकं पाडायच्या आधी. तसंच लाइनचं डक्टकडचं तोंड फुगवायच्या प्लगनं बंद करून ट्रॅपच्या तोंडापर्यंत पाणी भरा आणि चहा पिऊन या. पातळी उतरली तर सांधा शोधा. सनकनच्या तळाला एक छोटा पाइप डक्टमध्ये उघडा सोडायचा, ड्रेनेजला न जोडता. कधी आत पाणी मुरलंच तर तिथून थेंब दिसतो आणि खालच्यांचं छत वाचतं.

कोबा टाकण्याआधी टेप ठेवून फोटो काढा, भिंतींचेही. 2009 मध्ये माझ्याच घरी टॉवेलचा रॉड लावताना मी बेसिनच्या पाइपमध्ये ड्रिल घातलं. पाइप मीच टाकून घेतला होता आणि फोटो नव्हता.

आता फरशी. शॉवरखाली फुटाला पाव इंच, बाकी ठिकाणी फुटाला एक अष्टमांश. ढाळ कोब्यातच काढून घ्या. टाइलखालच्या मालात काढू म्हणणारा गवंडी एका टोकाला दोन इंच माल भरतो आणि टाइल पोकळ वाजते. जाळी मधोमध असेल तर चारी बाजूंनी ढाळ लागतो, आणि मोठ्या टाइल्स चौबाजूंना वाकत नाहीत. तिरके काप द्यावे लागतात, ते बघवत नाहीत. म्हणून मोठ्या टाइल्सचा हट्ट असेल तर भिंतीलगत लांब पट्टीची जाळी घ्या आणि ढाळ एकाच दिशेला द्या. काकूंकडे तेच केलं. आंघोळीच्या जागेत लहान, खडबडीत टाइल आणली असती तर मला जास्त आवडलं असतं, पण बोलणं नुकतंच सुरू झालं होतं.

टाइल्सचे सांधे भरायच्या आधी बादलीभर पाणी ओता. मग गोटी. दोन्ही जाळीकडे गेल्याशिवाय गवंड्याचे पैसे चुकते करू नका.

स्वयंपाकघराचं थोडक्यात. सिंकला 50 चा पाइप आणि ट्रॅप सहज उघडता येईल असा, कारण तूप-तेल थिजतं. वॉशिंग मशीनला वेगळा ट्रॅप द्या, नाहीतर फेस बाथरूमच्या जाळीतून वर येतो. मशीनची नळी उभ्या पाइपात सैल सोडायची, टेप गुंडाळून घट्ट करायची नाही. एसीचं पाणी ड्रेनेजला थेट जोडलेलं मी तीन घरांत पाहिलं. तिन्ही ठिकाणी बेडरूममध्ये वास होता आणि तिन्ही ठिकाणी दोष उंदराला दिला होता.

वापरात नसलेल्या बाथरूमचा ट्रॅप सुकतो. काकूंची मुलगी बंगळुरूला असते, तिचं बाथरूम बंद. तिथे महिन्यातून एकदा दोन तांबे पाणी घालायला सांगितलं आणि उन्हाळ्यात वरून चमचाभर खायचं तेल. तेलाचा थर पाणी उडू देत नाही. शेंगदाण्याचं घालू की करडईचं, म्हणून त्यांचा संध्याकाळी फोन आला.