ब्रशने रणगाडा रंगवताना पहिला हात वाईटच दिसू द्या

रणगाड्याचे मॉडेल पहिल्यांदा हाती घेणाऱ्याला दोन सल्ले हमखास मिळतात. एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारे यंत्र, नसेल तर या वाटेला जाऊ नकोस, हा एक. ब्रशच वापरणार असशील तर रंग चांगला दाट घे, एका हातात झाकून जाईल, हा दुसरा. पहिल्या सल्ल्यामुळे कितीतरी जण सुरुवातच करत नाहीत आणि दुसऱ्यामुळे सुरुवात केलेले पहिल्या मॉडेलवरच थांबतात. मी बरीच वर्षे १/३५ प्रमाणातले रणगाडे नुसत्या ब्रशने रंगवते आहे. ब्रशने सपाट, रेघ न दिसणारा रंग बसतो, हे मी खात्रीने सांगते. तो बसतो पातळ रंगाने आणि थांबण्याने.

उदाहरण म्हणून सोव्हिएत टी-३४ घेऊ. भाग कमी, चाके मोठी आणि उतरते पत्रे लांबरुंद, सपाट. पुढचाच पत्रा बघा: खऱ्या गाडीत ४५ मिलिमीटर जाडीचा आणि उभ्या रेषेपासून ६० अंश कललेला. मॉडेल समोर ठेवले की नजर पहिल्यांदा तिथेच जाते. तो नीट रंगवता आला की बाकीचा रणगाडा जमतो.

प्रमाणाबद्दल एक गोष्ट. ३५ हा आकडा विचित्र वाटतो, कारण तो कुणी ठरवून घेतलेला नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तामिया या जपानी मॉडेल कंपनीने जर्मन पँथर रणगाड्याचे चालणारे मॉडेल काढले. आत मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात एवढा आकार घेतला, आणि मागाहून हिशेब केला तेव्हा तो मूळ गाडीच्या सुमारे पस्तिसाव्या भागाएवढा निघाला. तोच पुढे रूढ झाला. रंगवणाऱ्यासाठी या आकड्याचा अर्थ असा: मॉडेलवर रंगाचा ०.१ मिलिमीटरचा वरंबा राहिला, तर खऱ्या रणगाड्यावर तो साडेतीन मिलिमीटरचा झाला. दाट रंग का चालत नाही, ते इथेच कळते.

जोडणी

भाग ज्या प्लॅस्टिकच्या फ्रेममध्ये जोडून येतात ती धुणे, सूचनापत्रक आधी पूर्ण वाचणे, खोलीत हवा खेळती ठेवणे हे सगळे तुम्ही करालच.

भाग फ्रेमपासून दोन कापांत सोडवा, पहिला लांबून आणि दुसरा लगत. साच्याची शिवण ब्लेडच्या पाठीने खरवडा. प्लॅस्टिकचा पातळ गोंद दोन भाग जुळवून धरल्यावर सांध्याला नुसता टेकवायचा, तो आपोआप आत ओढला जातो. हा गोंद प्लॅस्टिक विरघळवून दोन्ही भाग एकजीव करतो. त्यामुळे ओल्या सांध्यावर बोट पडले तर बोटाचा ठसा कायमचा राहतो. धातूच्या नाजूक भागांना मात्र सुपरग्लूच हवा.

तोफेची नळी दोन अर्ध्या भागांत आली असेल तर शिवण लांबीच्या दिशेने घासू नका. तिथे नळी चपटी होते आणि रंग चढला की ते जास्तच उठून दिसते. पॉलिश पेपरची अरुंद पट्टी नळीभोवती गुंडाळून, बूट पुसावा तशी मागेपुढे ओढा.

टी-३४ चा बुरूज, म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता भाग, बहुधा ओतीव असायचा, त्यामुळे त्याचा पृष्ठभाग खडबडीत हवा. किटमधला बुरूज फार गुळगुळीत वाटला तर त्याला पातळ गोंद लावा, प्लॅस्टिक किंचित मऊ झाले की जुन्या, ताठ ब्रशने टोचा. पाच मिनिटांचे काम आहे. मूळ गाडीचे फोटो समोर ठेवा आणि पत्र्यांच्या जोडांवरून बुरूज ओतीव की वेल्ड केलेला ते आधी ठरवा.

चाके, ट्रॅक (चाकांभोवतीचा साखळीपट्टा), ओढदोर, बाहेरच्या इंधनटाक्या, हातोडे-फावडी यांतले काहीही आत्ता चिकटवू नका. सूचनापत्रके चाके सुरुवातीलाच बसवायला सांगतात, तिकडे दुर्लक्ष करा. जर्मन टायगर रणगाड्याच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे आहे. त्याच्या प्रत्येक बाजूला आठ धुरांवर चाके एकमेकांत गुंतलेली असतात, आणि बसवल्यावर आतल्या चाकापर्यंत ब्रश पोचतच नाही. चाके कोरडीच लावून मॉडेल काचेवर ठेवा. सगळी टेकतात ना, एवढे पाहा आणि काढून घ्या.

प्राइमर

रंग नीट धरावा म्हणून त्याखाली द्यायचा हा थर. करडा, डब्यातून फवारायचा, दोन हलके थर, आणि रात्रभर वाळू द्या. काळा प्राइमर एअरब्रशवाल्यांसाठी ठीक. ब्रशने हिरवा रंग काळ्यावर चढवायला दोन हात जास्त लागतात आणि पदरात काहीच पडत नाही.

मुख्य रंग

माझी सुरुवातीची मॉडेल्स इथेच बिघडली. एक टी-३४ मी दोनदा पूर्ण खरवडून काढला आहे. दोन्ही वेळा चूक एकच होती आणि ती समजायला मला फार वेळ लागला, म्हणून सविस्तर लिहिते.

पुढच्या पत्र्यावर हिरवा रंग लावला होता. दोन मिनिटांनी चालकाच्या झडपेशेजारी प्राइमर डोकावताना दिसला. ब्रश तसाच हातात होता, म्हणून त्या जागी एक फटकारा मारला. रंगाची अर्धवट वाळलेली साय गोळा होऊन ब्रशबरोबर सरकली आणि खाली करडी जखम उघडी पडली. ती झाकायला आणखी रंग लावला. कडेला वरंबा उठला. तो सपाट करायला गेले तर शेजारचाही रंग निघाला. अर्ध्या तासात त्या पत्र्यावर रंगाचे डोंगर आणि दऱ्या तयार झाल्या होत्या.

मी ब्रश बदलून पाहिला, महागातला घेतला. रंगाची कंपनी बदलली. हात कापतो म्हणून मनगट टेकवायला ठोकळा केला. यातल्या कशाचाही उपयोग झाला नाही, कारण दोष वेळेत होता. पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक रंग पातळ थरात लावला की त्याला जेमतेम काही सेकंद ओलेपणा असतो. तेवढ्यात ब्रशच्या रेघा आपोआप सपाट होतात. त्यानंतर पूर्ण वाळेपर्यंत तो ना ओला ना कोरडा अशा अवस्थेत राहतो आणि तेव्हा स्पर्श केला की फाटतो. म्हणून नियम एकच ठेवा: एका जागेवरून ब्रश पुढे गेला की तो हात पूर्ण वाळेपर्यंत त्या जागेला शिवायचे नाही. प्राइमर दिसू दे, रेघ दिसू दे, केस अडकलेला दिसू दे. सगळे पुढच्या हातात सुधारते.

पहिला हात वाईट दिसतो, ठिगळाठिगळांचा आणि अर्धपारदर्शक. तो तसाच दिसायला हवा. पहिल्याच हातात पत्रा छान झाकला गेला, तर तुमचा रंग दाट आहे असे समजा.

आता कृती. रंग दुधाइतपत पातळ करा, पण नजरेवर विसंबू नका. बशीच्या उभ्या कडेवर ब्रशने रंग ओढा. तो सावकाश खाली उतरला आणि मागे पातळ, अखंड पडदा राहिला तर बरोबर. थेंबांत तुटला तर पाणी जास्त झाले. नुसत्या पाण्याऐवजी रंग वाळण्याचा वेग कमी करणाऱ्या द्रवाचे एकदोन थेंब घातले तर सपाट व्हायला जास्त वेळ मिळतो. मी मोठ्या पत्र्यांसाठी ते नेहमी घालते. जास्त घातलेत तर रंग दिवसभर चिकट राहील.

ब्रश कृत्रिम केसांचा, चपटा, आठ ते दहा मिलिमीटर रुंद. बारीक ब्रशने बारीक काम होते म्हणून लोक मोठा पत्राही बारीक ब्रशने रंगवतात, त्याला मी ठाम विरोध करते. जितके फटकारे जास्त, तितके सांधे जास्त, आणि प्रत्येक सांधा म्हणजे रेघ. ब्रश बुडवून टिश्यूवर एकदा टेकवा. पत्र्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग ओढा, मध्येच उचलू नका. पुढचा पट्टा आधीच्या ओल्या कडेवर किंचित चढवून घ्या. पत्रा संपला की ब्रश खाली ठेवा आणि पलीकडचा पत्रा घ्या, म्हणजे हात आपोआप दूर राहतो.

किमान दोन तास थांबा, हवा दमट असेल तर चार. केस वाळवण्याच्या यंत्राने घाई करू नका. वरची साय वाळते, आत ओल राहते आणि दुसरा हात ती साय उचलतो. दुसरा हात पहिल्याच्या काटकोनात. तिसरा पुन्हा पहिल्याच्या दिशेने, आणि उभ्या किंवा उतरत्या पत्र्यांवर हा शेवटचा हात नेहमी वरून खाली. एखादी रेघ राहिलीच तर पावसाचे पाणी आणि धूळ खऱ्या रणगाड्यावरून ज्या दिशेने ओघळतात त्याच दिशेची राहील. बहुतेक हिरवे रंग तीन हातांत भरतात. पिवळसर रंगांना चार, कधी पाचही लागतात. दोन हातांमध्ये एखादा कण बोटाला लागला तर रंग पूर्ण वाळल्याची खात्री करून १००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यासह हलकेच घासा.

अल्कोहोलवर आधारलेले अॅक्रिलिक ब्रशने मोठ्या पत्र्यांवर लावू नका. त्यांतले द्रावण खालच्या वाळलेल्या थरालाही पुन्हा मऊ करते, म्हणजे दुसरा हात पहिल्याला खरवडतो. एअरब्रशमध्ये हेच रंग उत्तम चालतात, त्यामुळे अनुभवी माणसेही ब्रशवाल्यांना बिनदिक्कत तेच सुचवतात.

छटा बाटलीतलीच घेऊ नका, थोडी उजळ करा. लहान वस्तूवर गडद रंग मूळापेक्षा काळपट दिसतो. सोव्हिएत रणगाड्यांचा ४बीओ नावाचा हिरवा तर अगदी काळवंडतो. उजळण्यासाठी पांढरा नको, त्याने हिरवा खडूसारखा फिका पडतो. फिकट पिवळा किंवा मातकट पिवळा, साधारण दहा भागांना एक. सगळ्या हातांना पुरेल एवढे मिश्रण एकदाच करून झाकणाच्या बाटलीत ठेवा. तीच छटा पुन्हा जमवता येत नाही.

ठिपके-पट्ट्यांची छद्मरंगसंगती करायची असेल तर ब्रशवाल्यांनी मन मोठे करावे. फेब्रुवारी १९४३ पासून जर्मन रणगाड्यांचा मूळ रंग गडद पिवळा ठरला. तांबूस तपकिरी आणि हिरवा रंग घट्ट लेपाच्या रूपात तुकड्यांना मिळायचे. फवारणी यंत्र नसेल तर सैनिक तो लेप पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये कालवून ब्रशनेच फासत. हिवाळ्यातला सोव्हिएत चुन्याचा पांढरा थरही कित्येकदा हातानेच फासलेला असे. तिथे फटकारे दिसले तर ते खऱ्याला धरूनच आहेत.

चाके

चाक टुथपिकवर घट्ट रोवा. ब्रश स्थिर धरा, टुथपिक फिरवा. रबराची कड शुद्ध काळी नको, गडद करडी हवी. टायगरची नंतरच्या काळातली चाके पोलादी कडांची होती, तिथे रबर रंगवू नका. अमेरिकन शर्मन रणगाड्याच्या अनेक ट्रॅकवर मात्र रबरी ठोकळे असतात, तिथे सगळीकडे गंज फासणे चूक.

वॉश, खुणा, धूळ

रंग दोन दिवस वाळला की चकचकीत वार्निश. आकडे आणि तारे त्यावरच चिकटवा. खडबडीत मॅट रंगावर चिकटवले तर खाली हवा अडकून कडेने चांदीसारखी चमक येते आणि ती जात नाही.

मग तपकिरी वॉश, म्हणजे खाचांत साठणारा अगदी पातळ रंग, ऑइल किंवा इनॅमलचा, फक्त रिव्हेट आणि वेल्डच्या कडांना टेकवायचा. सगळ्या मॉडेलवर काळा वॉश ओतण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तीन-चार दिवस खपून आणलेली सपाटी त्याने मिनिटात मळते. जास्तीचा वॉश व्हाइट स्पिरिटने (ऑइल आणि इनॅमल रंगांच्या थिनरने) किंचित ओलावलेल्या ब्रशने वरून खाली पुसा. खालचे अॅक्रिलिक त्याला दाद देत नाही, म्हणून वॉशसाठी ऑइल किंवा इनॅमलच घ्यायचे.

रंग उडालेल्या जागा स्पंजच्या तुकड्याने, गडद तपकिरीत, झडपांच्या कडांवर आणि सैनिक चढतात-उतरतात तिथे. चांदीचा रंग वापरू नका.

मॅट वार्निश, मग खालच्या भागाला मातीच्या रंगाची कोरडी पूड.

ट्रॅक

टी-३४ चे ट्रॅक ओढणारे दात्यांचे चाक मागे असते, शर्मन आणि टायगरचे पुढे. ट्रॅकची दिशा मूळ फोटोवरून तपासा, उलटा लागला तर जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही. टी-३४ ला वरून आधार देणारे छोटे रोलर नसतात, त्यामुळे वरचा ट्रॅक चाकांच्या डोक्यांवर टेकलेला आणि मधे झोळ पडलेला दिसला पाहिजे. रबरी पट्ट्याचा ट्रॅक ताठ उभा राहत असेल तर चाकाच्या माथ्यावर सुपरग्लूचा थेंब देऊन, सुकेपर्यंत मधे कापसाचा बोळा दाबून ठेवा. शर्मनला वरचे रोलर असतात, तिथे एवढा झोळ नको.

ट्रॅकला गडद तपकिरी-करडा रंग द्या, नारिंगी गंज नको. चालत्या गाडीचा ट्रॅक जमिनीवर आणि चाकांवर सतत घासत असतो. जिथे जमीन लागते त्या उंचवट्यांवर आणि आतल्या बाजूला चाके फिरतात त्या पट्ट्यावर मऊ पेन्सिलीचे ग्रॅफाइट बोटाने चोळा. हे सगळ्यात शेवटी, ट्रॅक बसवल्यावर करा, कारण यावर वार्निश फिरले तर पोलादाची ती चमक बुजून जाते.