शुगर आहे, गाडीही चालवायची आहे: लायसन्सच्या अर्जापासून रस्त्यापर्यंत

मधुमेह आहे म्हणून लायसन्स मिळणार नाही, असं मानून अनेकजण अर्जात तो लपवतात. लपवायची गरजच नाही. आपल्याकडे मधुमेह असलेल्यांना गाडी चालवायला सरसकट बंदी नाही. खरा धोका आहे तो शुगर एकदम उतरून शुद्ध हरपण्याचा.

आधी डॉक्टरांकडे जा. आपण कोणतं औषध घेतो ते नीट समजून घ्या. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांनी शुगर फार खाली जाऊ शकते. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा जात नाही. गेल्या वर्षभरात शुगर उतरल्यावर दुसऱ्या कुणाला तरी आपल्याला साखर भरवावी लागली असेल, किंवा शुगर उतरल्याचं आता कळेनासंच झालं असेल, तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडीला हात लावू नका. डोळ्यांचा पडदाही तपासून घ्या.

मग अर्ज भरा. ‘सारथी’ पोर्टलवर शिकाऊ लायसन्सचा अर्ज करताना फॉर्म १, म्हणजे आपल्या तब्येतीची माहिती, आपणच भरायचा असतो. चाळिशी ओलांडली असेल किंवा टॅक्सी-टेम्पोसारखं व्यावसायिक वाहन चालवायचं असेल, तर डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म १ए लागतो. फॉर्म १ मध्ये फिट्सबद्दल विचारतात आणि त्याच प्रश्नात, कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपते किंवा चक्कर येते का, हेही विचारतात. शुगर उतरून असं झालं असेल तर उत्तर ‘हो’ आहे. एजंट सगळीकडे ‘नाही’ करून मोकळा होतो. ही एक ओळ तरी स्वतः वाचा. ‘हो’ लिहिलं की डॉक्टरांचं पत्र जोडा.

लायसन्स आधीच हातात असेल तरी जबाबदारी संपत नाही. आपली प्रकृती इतरांना धोक्याची आहे हे माहीत असूनही गाडी चालवली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६ खाली पहिल्यांदा १,००० आणि पुढे २,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

निघण्याआधी बोट टोचा. यासाठी ब्रिटनमधला नियम मला फार पटतो: इन्सुलिन घेणाऱ्याने निघण्यापूर्वीच्या दोन तासांत आणि लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी शुगर बघायची. ९० च्या वर असेल तर निघा. ७२ ते ९० असेल तर आधी खा. ७२ च्या खाली असेल तर किल्ली ठेवून द्या.

रस्त्यात शुगर उतरली तर... माझ्या काकांची चतुर्थी होती. सकाळची गोळी घेतली आणि निघायच्या घाईत खिचडी राहिली. मी शेजारी बसलो होतो. “काका, डावीकडे घ्या,” म्हटलं, तर ते “हो हो” म्हणाले आणि सरळ पुढे गेले. एसी चालू असताना त्यांची कॉलर घामाने भिजली होती. त्यांना स्वतःला काहीच जाणवत नव्हतं, म्हणून सांगतो: घाम, थरथर, चिडचिड, चुकलेलं वळण यातलं काहीही दिसलं की शेजारच्याने बोलायलाच हवं.

गाडी सुरक्षित जागी कडेला घ्या, इंजिन बंद करा, किल्ली काढा आणि चालकाच्या सीटवरून उठा. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्या. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा लागू होते. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा; अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा घ्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

शुगर वर आली की बिस्किटं, पोळी, जे असेल ते खा, पण लगेच निघू नका. आकडा सुधारला तरी मेंदू सावरायला वेळ लागतो, म्हणून आणखी ४५ मिनिटं थांबा. आम्ही एका टपरीवर तेवढा वेळ बसलो आणि पुढे गाडी मी चालवली.

साखरेची पुडी डिकीत ठेवू नका, हात पोचेल अशा जागी ठेवा. दुचाकीवर असाल तर खिशात. इन्सुलिन आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्या मात्र उन्हात उभ्या केलेल्या गाडीत विसरू नका, उष्णतेने दोन्ही खराब होतात.