तिथी मुठीने मोजा : नाशिकच्या गच्चीवरून चंद्राचा एक महिना

आमच्या घरी संकष्टीला आईचा उपास आणि चंद्र यांच्या मधे समोरची सात मजली इमारत उभी आहे. कॅलेंडरात चंद्रोदय नऊ वाजून दहा मिनिटांचा असला तरी पानं वाढायला दहा वाजतात. "दिसला का रे?" ही हाक तोवर चार वेळा येऊन जाते. कॅलेंडरात मुंबईची वेळ छापलीय म्हणून उशीर होतो, असं मी बरीच वर्षं समजत होतो. पण मुंबई आणि नाशिकच्या चंद्रोदयात फरक फार तर तीन-चार मिनिटांचा. बाकीचा सगळा उशीर त्या इमारतीचा, हे एकदा मूठ धरून मोजलं तेव्हा कळलं.

तर आधी मूठ मोजायला शिका. हात समोर ताठ करा आणि मूठ मिटा. चार बोटांच्या पेरांची ती रुंदी आकाशात साधारण १० अंश भरते. करंगळीची रुंदी १ अंश. चंद्र जेमतेम अर्धा अंश, म्हणजे करंगळीआड सहज लपतो. उगवतीचा पौर्णिमेचा चंद्र परातीएवढा वाटतो ना, त्याच्यावरही करंगळी धरून बघा. तेवढाच असतो.

आता मूठ उभी-आडवी कशी वापरायची? क्षितिजावर एक मूठ ठेवून इमारतीचा माथा कुठे येतो ते पाहा. एक मूठ वर चढायला चंद्राला आपल्याकडे सुमारे पाऊण तास लागतो. आमची इमारत बरोब्बर एक मूठ आहे. आता आईला मी नऊ पंचावन्न सांगतो.

पुढचं काम महिनाभराचं. वही, पेन्सिल आणि गच्चीचा एकच कोपरा ठरवा. पाण्याच्या टाक्या, मोबाइलचा टॉवर, नारळाचं झाड अशी क्षितिजाची रेघ वहीत एकदाच नीट काढून घ्या. सुरुवात शुद्ध बीज-तीजेला करा, अमावास्येनंतर लगेच नको. शिवरायांच्या राजमुद्रेत प्रतिपदेची चंद्रलेखा आहे खरी, पण ती डोळ्यांनी दिसणं फार दुर्मीळ, कारण ती सूर्याला अगदी चिकटून असते आणि संधिप्रकाशातच मावळते. बीजेला मात्र पांडवलेणीच्या डोंगरावर गेलात तर पश्चिमेला, अंजनेरी-त्र्यंबकच्या रांगांवर, कोर छान सापडते. फाल्गुन-चैत्रात ती होडीसारखी आडवी पडलेली असते. नीट पाहिलंत तर कोरीच्या पोटातला काळा भागही अंधुक उजळलेला दिसेल. तो पृथ्वीवरून परतलेला सूर्यप्रकाश.

मग रोज एकाच वेळी, समजा सात वाजता, चंद्राची जागा वहीत खूण करा. रोज तो डावीकडे, म्हणजे पूर्वेकडे सरकलेला असेल. ताऱ्यांमधून त्याची ही चाल दिवसाला सुमारे १३ अंशांची. सूर्यही ताऱ्यांमधून त्याच दिशेला दिवसाला एक अंश सरकतो. तेव्हा दोघांतलं अंतर रोज सुमारे १२ अंशांनी वाढतं, आणि हे १२ अंश म्हणजेच एक तिथी. एक मूठ आणि वर दोन करंगळ्या. पंचांगातली तिथी हे पुरोहिताच्या मर्जीचं काम नसून हे इतकं मोजता येण्याजोगं अंतर आहे, याची मला आजही गंमत वाटते. सूर्य मावळताना चंद्र दक्षिणेला मध्यावर असेल, तर सप्तमी-अष्टमी. सूर्य मावळताना समोर पूर्वेला उगवत असेल, तर पौर्णिमा. अशा ३० तिथी, पण दिवस सरासरी साडेएकोणतीसच. शिवाय चंद्राची चाल सारखी नसते, त्यामुळे एखादी तिथी २० तासांत उरकते, तर एखादी २६ तासांच्याही पुढे रेंगाळते. क्षयतिथी (जिच्यात एकही सूर्योदय येत नाही) आणि वृद्धितिथी (जिच्यात दोन सूर्योदय येतात) येतात त्या यामुळेच.

पौर्णिमेनंतर चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, कधी चाळीस, कधी जवळजवळ तास. तेव्हापासून सातची वेळ सोडून द्या आणि पहाटेचा गजर लावा. (हा भाग बहुतेकांच्या वहीत कोराच राहतो. माझ्याही होता.)

आता लिंबू. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, असं सांगणारे शिकलेले लोकही मला भेटलेत. त्यांच्यासाठी वद्य अष्टमीची सकाळ राखून ठेवा. आठच्या सुमारास सूर्य पूर्वेला आणि अर्धा चंद्र पश्चिमेकडे कललेला, दोघंही आकाशात असतात. लिंबाला काडी टोचा, उन्हात उभे राहा आणि लिंबू चंद्राच्या अगदी शेजारी दिसेल असा हात लांब करा. लिंबाचा जेवढा भाग उजळलेला दिसतो, तेवढाच चंद्राचा दिसेल, आणि त्याच बाजूचा. पृथ्वीची सावली मधे कुठेच नाही. उन्हात धरलेल्या गोलाची उजळ बाजू आपण कुठून पाहतो, एवढाच कलांचा खेळ. नाशिककर म्हणून मी कांद्यावरही प्रयोग केला, पण तो चमकतो आणि सालं उडतात. लिंबूच बरा.

वही वर्षभर टिकली, तर महिन्यांची नावंही त्यात सापडतील. चंद्र चित्रा नक्षत्राजवळ पूर्ण होतो तो चैत्र, कृत्तिकांजवळचा कार्तिक, मृगाजवळचा मार्गशीर्ष. दत्तजयंतीला मध्यरात्री मान वर करा. नाशिक २० अक्षांशावर असल्यामुळे चंद्र जवळपास डोक्यावर असतो.

पृथ्वीची सावली कामाला येते ती फक्त ग्रहणात. मग दर पौर्णिमेला ग्रहण का नाही? चंद्राची कक्षा सूर्याच्या वाटेला सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, अर्धी मूठ. एवढ्या कलण्यामुळे बहुतेक वेळा तो सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. दोन वाटा जिथे छेदतात ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. पौर्णिमा त्यांच्याजवळ आली तरच ग्रहण. हे बिंदूही उलटे सरकत १८.६ वर्षांत एक फेरी करतात.

चंद्रग्रहण पाहताना घड्याळ जवळ ठेवा. ७ सप्टेंबर २०२५ ला रात्री ९.५७ ला सावली लागली आणि ११ ला चंद्र पूर्ण बुडाला. तो ताशी साधारण आपल्या रुंदीएवढा सरकतो, ते इथे थेट घड्याळात दिसतं. सावलीची कड गोल असते, तीही पाहा. पूर्ण बुडाल्यावर तो तांबूस होतो, कारण पृथ्वीच्या वातावरणातून वळून आलेला लाल प्रकाश तेवढा त्याच्यापर्यंत पोचतो. डोळ्यांना यात काही धोका नाही.

सूर्यग्रहणाचं तसं नाही. २ ऑगस्ट २०२७, सोमवती अमावास्या, सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान. त्याच दिवशी दुपार कलताना नाशिकमधून खंडग्रास सूर्यग्रहण आहे. आषाढातले ढग किती दाद देतील कोण जाणे, पण ऊन पडलंच तर सूर्याकडे पाहू नका. काळी काच, एक्स-रेची फिल्म यातलं काही चालत नाही. ग्रहणासाठीचा खास चष्मा नसेल, तर पिठाची चाळणी उन्हात धरा. जमिनीवर प्रत्येक भोकाखाली सूर्याची एकेक चावलेली भाकरी उमटेल.

पुढचं खग्रास चंद्रग्रहण आपल्याकडून ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री, दहाच्या आसपास. तेव्हा चंद्र इतका वर असेल की समोरची सात मजली इमारतही आडवी येणार नाही.