रंगारी येण्याआधी: दोन बदामींपैकी एक

रंगारी सोमवारी येणार असेल तर आदल्या बुधवारपर्यंत निवड दोन शेडवर आणून ठेवा. एक पिवळसर झाकेचा बदामी, दुसरा गुलाबी झाकेचा बिस्किटी. बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. शेडकार्डावरच्या टिकलीएवढ्या चौकोनांवरून हा वाद मिटत नाही. झाक ओळखायला दोन्ही कार्डं कोऱ्या पांढऱ्या कागदावर शेजारीशेजारी धरा. एकेकटी पाहिलीत तर दोन्ही 'क्रीम'च वाटतील.

मग दोन्हींचे छोटे नमुना डबे आणा. थेट भिंतीवर पट्टे ओढू नका, जुना रंग मधे लुडबुड करतो. जाड पांढऱ्या कार्डशीटवर दोन हात द्या, पहिला वाळल्यावर दुसरा, आणि कडेला दोन बोटं पांढरं सोडा. ओल्या रंगावर मत देऊ नका. इमल्शन वाळलं की थोडं गडद होतं, आणि पावसाळ्यात ते वाळतंही सावकाश. शीट खिडकीसमोर, सोफ्यामागे आणि सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात चिकटपट्टीने लावा. सकाळी बघा, दुपारी चारला बघा आणि रात्री दिवे लावून बघाच.

ही रात्रीची फेरी आम्ही टाळली होती. दुकानाच्या दारात, भर उन्हात शेड ठरवली. रात्री 6500 केल्विनची पांढरी ट्यूब लागली आणि पिवळसर बदामी भिंत हिरवट, आजारी दिसायला लागली. शेजारच्या काकूंनी विचारलं, "प्रायमर झाला वाटतं, रंग कधी देणार?" तीच भिंत 3000 केल्विनच्या पिवळ्या दिव्यात छान उबदार दिसते. तेव्हा दिवे बदलायचे असतील तर रंगाच्या आधी बदला. घरात वावर संध्याकाळनंतरच असेल, तर मी रात्रीचाच कौल धरेन.

शीट जमिनीलगतही टेकवून पाहा. हिरवट कोटा फरशीशेजारी गुलाबी झाक आणखी गुलाबी भासते. खिडकीबाहेर आंबा किंवा जांभूळ असेल तर पानांचा हिरवा उजेड आत येतो, तोही धरा. पडदे आणि सोफ्याचं कापड शीटला लावून बघा. पडदा बदलणं स्वस्त, भिंत नाही. तरीही दोघांत जमत नसेल तर फिकट शेड घ्या. चार भिंतींवर एकमेकींचा उजेड पडून रंग कार्डापेक्षा चढाच दिसतो.

खिडकीखाली ओल किंवा पोपडे असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करा, शेड नंतर. मोजमाप रंगाऱ्याकडून घ्या आणि एका खोलीचा सगळा रंग एकाच वेळी मशीनवर बनवून घ्या, अर्ध्यात पुन्हा आणलात तर किंचित फरक पडू शकतो. अर्धा लिटर घट्ट झाकणाच्या बरणीत जपून ठेवा. शेडचा कोड आणि तारीख मात्र कपाटाच्या दाराच्या आतून पेनाने लिहा. डब्यावरचा कोड रंगाच्याच ओघळाखाली जातो.