टोकियोत स्पोर्ट्‌स कार: आधी जागा, मग गाडी

गाडी बघायला जाण्याआधी एक मोजपट्टी घ्या. टोकियोत स्पोर्ट्‌स कार घ्यायचं ज्याच्या मनात आहे त्याला मी हेच पहिलं सांगते, कारण कोणती गाडी चालवायची हे इथे पार्किंगची जागा ठरवते.

मी टोकियोच्या एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईला राहते. माझ्याकडे २०१६ ची माझ्दा रोडस्टर आहे. त्यातलं 'एस' हे सगळ्यात हलकं मॉडेल: १.५ लिटरचं इंजिन, सहा गिअर, कापडी छत, वजन ९९० किलो. २०२१ मध्ये सतरा लाख येनला सेकंडहँड घेतली. त्याआधीचे जवळजवळ आठ महिने मी नुसत्या जागा बघत फिरत होते. ते महिने सार्थकी लागले असं मला आजही वाटतं.

जपानमध्ये १९६२ पासून कायदा आहे की गाडी ठेवायला जागा असल्याचं सिद्ध केल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. त्या दाखल्याला 'शाको शोमेई' म्हणतात. जागा घरापासून सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या आत हवी आणि गाडी तिथे पूर्ण मावायला हवी. अर्ज जागेच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात करायचा. सोबत घर आणि जागा दाखवणारा नकाशा, समोरच्या रस्त्याच्या रुंदीसह जागेचं मोजमाप लिहिलेली आकृती आणि जागा भाड्याची असेल तर मालकाचं परवानगीपत्र. डीलर पैसे घेऊन हे सगळं करून देतो. पण मी म्हणेन, स्वतः करा. तो नकाशा काढायला बसलं की आपण जागेकडे नीट बघतो. दाखला साधारण महिनाभरच ग्राह्य धरतात, त्यामुळे गाडी पक्की झाल्यावरच अर्ज टाका.

आता मोजपट्टी. टोकियोतल्या अनेक मोठ्या इमारतींत यांत्रिक पार्किंग असतं. लोखंडी ताटात गाडी उभी करायची, बटण दाबलं की ताट वर किंवा खाली सरकतं. या ताटांची रुंदीची मर्यादा बऱ्याच ठिकाणी १,८५० मिलिमीटर असते, जुन्या इमारतींत १,८०० किंवा त्याहून कमी. उंचीची १,५५० ची मर्यादा आपल्याला कधीच नडत नाही, नडते ती रुंदी. टोयोटा सुप्रा १,८६५ आहे, म्हणजे अशा ताटात ती बसत नाही. निसान झेड १,८४५, कागदावर बसते. पण दोन्ही बाजूंना लोखंडी कड आणि हातात पाच मिलिमीटर, अशा जागेत रोज रात्री गाडी घालायची मला धास्ती वाटेल. जीआर ८६ ची रुंदी १,७७५, रोडस्टरची १,७३५. होंडा एस६६० तर १,४७५ मध्ये मावते. तिचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, पण सेकंडहँड मिळते. के-कार, म्हणजे जपानमधल्या सगळ्यात छोट्या वर्गातली गाडी असल्यामुळे तिचा वार्षिक कर फक्त १०,८०० येन आहे. पहिल्यांदाच घेणाऱ्याने एस६६० चा विचार मनापासून करावा. गल्लीबोळांत ती माझ्या गाडीपेक्षाही आनंद देते.

रुंदीइतकंच दाराकडे लक्ष द्या. दोन दारांच्या गाडीचं दार चार दारांच्या गाडीपेक्षा लांब असतं, त्यामुळे बाजूला भिंत किंवा खांब असला तर दार अर्धंच उघडतं. खाली बसलेल्या सीटवरून अर्ध्या उघडलेल्या दारातून बाहेर येणं रोज जमणार आहे का, हे जागेवर जाऊन बघा. मी एजंटच्या परवानगीने मित्राची गाडी मागून नेली आणि दोन जागांवर प्रत्यक्ष चढउतार करून पाहिली. पहिली जागा त्या पाच मिनिटांतच बाद झाली.

यांत्रिक पार्किंगमधलं खालचं, जमिनीखालचं ताट स्वस्त असतं. मी ते घेतलं नाही. एदोगावा वॉर्डाची निम्म्याहून अधिक जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे आणि वादळाच्या दिवसांत असे खड्डे पाण्याने भरतात. शेवटी मला एका देवळामागची उघडी, सपाट जागा मिळाली. घरापासून चालत नऊ मिनिटं, महिना २२,००० येन. करार करताना दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एजंटची फी वेगळी. सपाट जागेचं सुख असं की मशीन खाली यायची वाट बघावी लागत नाही. त्रास उन्हाचा आणि जूनमधल्या पावसाचा. कापडी छतासाठी चांगलं, हवा खेळणारं कव्हर घ्या आणि ओल्या छतावर ते कधी चढवू नका. छताच्या मागच्या कोपऱ्यांत पाणी वाहून जायला भोकं असतात. पानगळीत ती बुजतात आणि पाणी सीटमागे उतरतं. वर्षातून दोनदा मऊ नळीने साफ केली की काम झालं.

लायसन्सचं आधी बघा, कारण त्याला वेळ लागतो. भारतातून काढून आणलेलं इंटरनॅशनल परमिट इथे आल्यापासून जास्तीत जास्त एक वर्ष चालतं. इथले रहिवासी झाल्यावर दोन आठवडे भारतात जाऊन परत आल्याने ते वर्ष नव्याने सुरू होत नाही. मध्ये तीन महिने तरी बाहेर राहावं लागतं. भारतीय लायसन्स जपानी करून घेताना लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही परीक्षा आहेत. ऑक्टोबर २०२५ पासून लेखीत ५० प्रश्न असतात आणि ९० टक्के बरोबर यावे लागतात. भारतीय लायसन्स मिळाल्यानंतर भारतात किमान तीन महिने राहिल्याचा पुरावाही लागतो. जुना पासपोर्ट फेकला असेल तर इथे अडचण होते.

आणि हे नीट वाचा: प्रात्यक्षिक परीक्षा ऑटोमॅटिक गाडीवर दिली तर लायसन्सवर 'फक्त ऑटोमॅटिक' असा शिक्का बसतो. सोपं पडतं म्हणून अनेकजण तेच करतात आणि दोन वर्षांनी मॅन्युअल रोडस्टरसमोर उभे राहून हळहळतात. परीक्षा मॅन्युअलवरच द्या. मी सामेझूच्या लायसन्स परीक्षा केंद्रावर तिसऱ्या खेपेला पास झाले. आपल्याला गाडी येते, पण त्यांना बघायची असते पद्धत: डावीकडे वळण्याआधी आरसा, मान वळवून खांद्यामागे नजर, मग गाडी डाव्या कडेला चिकटवून घेणं, म्हणजे सायकल किंवा मोटरसायकल मध्ये घुसू शकत नाही. थांबण्याच्या पाटीशी चाकं पूर्ण स्थिर. या सवयी नंतर खऱ्या रस्त्यावर, विशेषतः माझ्यासारख्या बुटक्या गाडीत, रोज उपयोगी पडल्या.

गाडी नावावर करायला नोंदवलेला शिक्का, म्हणजे 'जित्सुइन', आणि वॉर्ड ऑफिसचा त्याचा दाखला लागतो. आपलं नाव रहिवासी नोंदीत रोमन अक्षरांत असतं. शिक्का काताकानात, म्हणजे परकी नावं लिहायच्या जपानी लिपीत हवा असेल तर आधी ते नाव काताकानात त्या नोंदीत लिहून घ्या, मगच शिक्का कोरायला द्या. माझ्या गाडीची नोंदणी अदाचीच्या वाहन नोंदणी कार्यालयातली, त्यामुळे नंबरप्लेटवर 'अदाची' आहे.

विमा दोन प्रकारचा. सक्तीचा 'जिबाइसेकी' फक्त समोरच्या माणसाच्या इजेपुरता असतो: मृत्यू झाल्यास तीन कोटी येनपर्यंत, जखमेसाठी १२ लाखांपर्यंत. समोरच्याच्या गाडीचं, भिंतीचं, दुकानाचं नुकसान त्यात येत नाही. म्हणून ऐच्छिक 'निन-इ होकेन' घ्यायलाच हवा आणि त्यात माणूस आणि मालमत्ता दोन्हींना अमर्याद संरक्षण निवडा. नवा ग्राहक सहाव्या श्रेणीपासून सुरू होतो, दावा न केलेल्या प्रत्येक वर्षाला एक श्रेणी वर, वरची हद्द वीस. एक दावा केला की साधारणपणे तीन श्रेणी खाली. शिवाय प्रत्येक मॉडेलचा स्वतःचा धोक्याचा वर्ग असतो. तेव्हा गाडी पक्की करण्याआधी दोन-तीन मॉडेलांचे हप्ते काढून बघा. दिसायला सारख्या गाड्यांत मोठा फरक पडतो.

खर्चाचा माझा हिशोब असा: पार्किंगचे वर्षाला २,६४,०००. एक एप्रिलला गाडी ज्याच्या नावावर असेल त्याला वार्षिक कर. १.५ लिटरपर्यंतच्या, ऑक्टोबर २०१९ आधी नोंदलेल्या माझ्या गाडीला ३४,५००, त्यानंतर नोंदलेल्या तशाच गाडीला ३०,५००. दर दोन वर्षांनी 'शाकेन' तपासणी. नव्या गाडीला पहिली तीन वर्षांनी. शाकेनबरोबर वजनकर आणि सक्तीचा विमाही भरायचा असतो, म्हणून त्या महिन्यासाठी दरमहा थोडे बाजूला टाका. पेट्रोल महागडं, 'हायओकु' म्हणजे जास्त ऑक्टेनचंच लागतं. या सगळ्यात पार्किंगच सर्वात जड. गाडी स्वस्तात मिळाली म्हणून हुरळून जाऊ नका.

रस्त्यावर आल्यावर तुमचं सगळ्यात मोठं दुखणं कॉइन पार्किंग. गाडी उभी केली की काही मिनिटांनी खालून एक लोखंडी पाटी वर येते आणि पैसे भरेपर्यंत गाडी अडवून धरते. जमिनीला टेकलेल्या गाडीचं बंपर किंवा बाजूची पट्टी तिथे फुटते. गाडीचा तळ जमिनीपासून किती उंचीपेक्षा खाली असला तर मनाई आहे ते फलकावर लिहिलेलं असतं, बऱ्याच ठिकाणी १५ सेंटिमीटर. रोडस्टरचा तळ १४ वर आहे. मी फाटकवाल्या किंवा नंबरप्लेट टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या पार्किंगमध्येच जाते आणि निघण्याआधी फोनवर त्या ठरवून ठेवते. 'दोनच मिनिटं' म्हणून रस्त्याकडेला सोडू नका. २००६ पासून खासगी तपासनीस जोडीने फिरतात आणि गाडीत माणूस नसेल तर लगेच नोंद करतात. दंड १५,००० येन, थांबायलाही मनाई असलेल्या जागी १८,०००.

रेल्वे फाटक उघडं असलं तरी प्रत्येक वेळी पूर्ण थांबायचं, मग पुढे. शहरातल्या शुतो एक्सप्रेसवेच्या आतल्या सी-१ वळशावर वेगमर्यादा ताशी ५० आहे आणि काही रस्ते उजवीकडून, म्हणजे वेगवान लेनमध्येच येऊन मिळतात. ट्रकचालकाला आपलं छप्पर दिसतही नाही. मी दिवसाही हेडलाइट लावते आणि ट्रकच्या दाराशेजारी कधी रेंगाळत नाही.

शेजाऱ्यांचा विचार अगदी मनापासून करा. थंड इंजिन पहिला मिनिटभर मोठ्याने घुमतं. पहाटे पाचला देवळामागे तो आवाज खूप असतो. उभ्याने इंजिन गरम करत बसू नका. तसंही टोकियोत उभ्या गाडीचं इंजिन बंद ठेवायचा नियम आहे. चालू करा, पट्टा आधीच लावलेला असू द्या, लगेच हळू निघा आणि इंजिन तापेपर्यंत मिनिटाला २,५०० फेऱ्यांच्या आत राहा. जागा घेतल्यावर मी समोरच्या तिन्ही घरी बिस्किटांचा डबा घेऊन गेले, नाव सांगितलं, रविवारी पहाटे निघते हेही सांगितलं. त्यातल्या एका आजींनी नंतर एकदा रात्री फोन करून कळवलं की वाऱ्याने कव्हर उडतंय.

गर्दीच्या शहरात गाडी चालवण्यापेक्षा उभी राहून जास्त खराब होते. बॅटरी उतरते, टायर एका जागी चपटे पडतात, आणि पाच मिनिटांच्या फेऱ्यांत तेल तापत नसल्यामुळे इंजिनातली ओल तशीच राहते. सपाट भाड्याच्या जागेत चार्जर लावायला प्लग नसतो. म्हणून आठवड्यातून एकदा किमान चाळीस मिनिटं सलग चालवा. पाहुण्यांना आवडतं म्हणून दाईकोकू पार्किंगला, म्हणजे योकोहामाजवळच्या एक्सप्रेसवेवरच्या, गाडीशौकिनांच्या थांब्याला जायचं असेल तर सकाळीच जा. शनिवार-रविवारी संध्याकाळी पोलीस ते वारंवार बंद करतात.

माझी फेरी रविवारी पहाटे पाचची: कासाईहून उपसागराच्या काठाने जाणारा वानगान मार्ग, कावासाकी, मग टोकियो उपसागराखालून जाणारा अ‍ॅक्वा-लाइन. १९९७ मध्ये सुरू झालेल्या या रस्त्याचे साडेनऊ किलोमीटर समुद्राखालच्या बोगद्यात आहेत आणि शेवटचे साडेचार पुलावर. बोगद्यात छत बंद ठेवते. उमिहोतारूला, बोगदा संपतो तिथे बेटावर थांबून उघडते, आणि पुलावर पोचते तेव्हा दोन्ही बाजूंना नुसतं पाणी आणि वर आकाश. पलीकडे बोसो द्वीपकल्पाचे अरुंद, वळणांचे रस्ते आहेत, तिथे तिसऱ्या गिअरमध्ये ही गाडी काय आहे ते कळतं. परतीला दुपारच्या आत निघा. रविवारी दुपारनंतर टोकियोकडे येणारी बाजू तुंबते. वारा जोराचा असेल तर हा रस्ता बंदही होतो, आदल्या रात्री तपासा.

देश सोडायची वेळ आली तर क्रम चुकवू नका. परदेशी जात असल्याची नोंद वॉर्ड ऑफिसात केली की तुमच्या शिक्क्याची नोंदणी रद्द होते आणि मग गाडी दुसऱ्याच्या नावावर करणं किचकट होऊन बसतं. आधी गाडी विका, कागद पूर्ण करा, मग वॉर्ड ऑफिस. पार्किंगचा करार साधारण महिनाभर आधी सांगून सोडावा लागतो. आणि विमा कंपनीकडून 'चुदान शोमेईशो' मागून घ्या. हा दाखला असला की कमावलेली श्रेणी दहा वर्षांपर्यंत जपून राहते आणि परत आल्यावर सहाव्यापासून सुरुवात करावी लागत नाही. माझी या वर्षी अकरावी आहे.